सर्कसला विचित्र जनावर विकायचंय, कुणाला गाठू? १९व्या शतकातल्या धंद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी मामाच्या गावच्या जत्रेत एक माणूस पाच पायांची गाय घेऊन यायचा. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, आणि वशिंडाच्या बाजूने लोंबणारा तो पाचवा पाय, वाळक्या शेंगेसारखा. लोक पाया पडायचे, पैसे टाकायचे. मला एकच प्रश्न पडलेला की याने ही गाय घेतली कुठून आणि कितीला. मामा म्हणाला गप बस. तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही आणि त्याच्या नादात मी सर्कसच्या इतिहासात कधी घुसलो कळलंच नाही, आता घरात लग्नकार्य असलं की कोणीतरी मला कोपऱ्यात गाठून हेच सगळं विचारतं म्हणून एकदाच टाईप करून ठेवतोय. बऱ्याचशा गोष्टी न्यूयॉर्क, लंडन आणि हॅम्बुर्गच्या आहेत कारण धंदा तिकडचाच, पण मध्ये रत्नागिरी आणि सांगलीपण येतात, धीर धरा.

लोक खरंच पत्रं लिहून सर्कसवाल्यांना जनावरं देऊ करायचे का?

हो, आणि ढिगाने. सगळ्यात जास्त टपाल यायचं फिनिअस टेलर बार्नमला. हा माणूस १८१० चा, न्यूयॉर्कला ब्रॉडवेवरचं अमेरिकन म्युझियम त्याने १८४१ मध्ये घेतलं, आणि सर्कसमध्ये उतरला तो थेट १८७१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे लोक साठीशांत करतात त्या वयात. पण नावाची हवा अशी की कोणाच्या गोठ्यात काही वेडंवाकडं जन्माला आलं, कोणाच्या डोक्यात काही वेडीवाकडी आयडिया आली किंवा कोणाला नुसतेच उसने पैसे हवे असले तरी पत्र बार्नमला. ही पत्रं इतकी भन्नाट असायची की मार्क ट्वेनने त्याला सांगून ठेवलं होतं, फेकू नको, मला पाठव, मी त्यावर काहीतरी लिहितो. बार्नमने गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. ट्वेनने काही लिहिलं नाही. लेखक लोकांचं हे असंच.

सर्कस म्हणजे तेव्हा वाघसिंह असायचेच ना?

नाही हो, इथेच सगळे गडबडतात. सर्कस मुळात घोड्यांची. लंडनला १७६८ मध्ये फिलिप ॲस्टलीने गोल रिंगणात घोडेस्वारी दाखवायला सुरुवात केली तिथून ती धरतात. जंगली जनावरं दाखवणारा धंदा वेगळा, त्याला मेनाजरी म्हणायचे, म्हणजे पिंजऱ्यांच्या गाड्या घेऊन गावोगाव फिरणारं प्राणिसंग्रहालय. अमेरिकेत तर मेनाजरी बघायला चर्चला जाणारी सभ्य मंडळीसुद्धा जायची कारण ते 'ज्ञान' होतं, आणि सर्कस म्हणजे तंग कपड्यातल्या बायका, तिथे जायचं नाही. शतकाच्या मध्यावर दोन्ही धंदे एकत्र आले, एका तिकिटात ज्ञानपण आणि तंग कपडेपण.

जनावरं घेणारे होते तरी कोण? मालक स्वतः जायचे का बाजारात?

हा माझा आवडता प्रश्न त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

सुरुवातीला सरळ बंदरावर सौदा व्हायचा. लंडनच्या सोहो भागात जॉर्ज वूम्बवेल नावाचा चांभारकाम करणारा माणूस होता. १८०४ च्या सुमारास तो गोदीवर गेला आणि दक्षिण अमेरिकेहून आलेले दोन बोआ अजगर ७५ पौंडांना घेऊन आला. ७५ पौंड म्हणजे त्या काळी चपला शिवणाऱ्यासाठी वेडेपणाच. पण दारूच्या गुत्त्यांमधून अजगर दाखवत फिरला आणि काही आठवड्यांत पैसे वसूल. मग चपला गेल्या बाजूला, १८१० मध्ये फिरती मेनाजरी काढली, आणि १८५० मध्ये वारला तेव्हा तो इंग्लंडातला सगळ्यात मोठा मेनाजरीवाला होता. लंडनला हायगेटच्या कब्रस्तानात त्याच्या थडग्यावर दगडी सिंह झोपलेला आहे, त्याचाच नीरो नावाचा सिंह.

मग आले दलाल. चार्ल्स जॅम्राक याचं दुकान लंडनच्या रॅटक्लिफ हायवेवर, गोदीला लागून. त्याचे वडील हॅम्बुर्गच्या बंदर पोलिसांत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे जहाजावरून कोण काय लपवून आणतंय हे घरातच कळायचं, आणि तिथूनच खरेदीविक्री सुरू झाली. खलाशी लांबच्या सफरीवरून पोपट, माकड, कासव, मिळेल ते आणायचे आणि बंदराला लागलं की आधी जॅम्राककडे, मग गुत्त्यात. म्हणजे तुम्ही खलाशी असाल आणि तुमच्याकडे विचित्र जनावर असेल तर सर्कसला पत्र लिहायची गरजच नव्हती. जॅम्राक तुमच्याकडून स्वस्तात घ्यायचा आणि मेनाजरीवाल्याला महागात द्यायचा, आपल्याकडच्या बाजार समितीचंच गणित.

याच जॅम्राककडून १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये एक वाघ खोक्याची फळी मोडून रस्त्यावर आला. रस्त्यावर आठनऊ वर्षांचं एक पोरगं होतं, त्याने आयुष्यात वाघ बघितलेला नाही, त्याला वाटलं मोठं मांजर, गेलं कुरवाळायला. वाघाने त्याला धरून उचललं. जॅम्राक मागून धावला, मानगूट धरली, कोणीतरी पहार आणली, पोरगं वाचलं. पोराच्या घरच्यांनी कोर्टात खेचलं आणि भरपाईत जॅम्राकला चांगलाच भुर्दंड बसला, पण तोवर वूम्बवेलच्या मेनाजरीवाल्यांनी तोच वाघ ३०० पौंडांना उचललेला होता. कशाला? पाटी लावायला, की हाच तो पोराला धरणारा वाघ. साधा वाघ तेव्हा कोणी या भावात घेतला नसता, बदनाम वाघाला भाव आला.

तिसरा आणि सगळ्यात मोठा म्हणजे हॅम्बुर्गचा कार्ल हागेनबेक. याचे वडील मासे विकायचे. १८४८ मध्ये त्यांच्या कोळ्यांच्या जाळ्यात एल्बे नदीत सहा सील सापडले. आता सील खायला कोण घेणार? बापाने लाकडी टबात ठेवले आणि तिकीट लावलं. पुढे १८५२ मध्ये एका जहाजाच्या कप्तानाकडून ध्रुवीय अस्वल घेतलं. पोरगा मोठा झाला आणि मासळी मागे पडली. १८७० नंतर युरोपअमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या सर्कशींना जनावरं पुरवणारा हाच, बार्नमसुद्धा त्याचं गिऱ्हाईक. बार्नमने त्याला पार्टनरशिप देऊ केली होती, त्याने नाही म्हटलं. शहाणा माणूस, खाणीवाल्यापेक्षा फावडं विकणारा सुखी.

मग गावातल्या साध्या शेतकऱ्याचं काय? त्याच्याकडे दोन तोंडांचं वासरू असेल तर?

खरं सांगायचं तर फार थोड्यांचं जमायचं. अडचण अशी की दोन तोंडांचं वासरू बहुतेक वेळा काही तासांत, फार तर काही दिवसांत मरतं. पत्र पोचून उत्तर येईपर्यंत वासराचं कातडंच उरायचं. म्हणून साइडशोमध्ये, म्हणजे मोठ्या तंबूशेजारच्या वेगळ्या तिकिटाच्या छोट्या तंबूत, अशी वासरं जिवंतपेक्षा पेंढा भरलेली किंवा बरणीत ठेवलेली जास्त दिसायची.

दुसरं, सर्कस एका गावात एकच दिवस. बार्नमचा तंबू १८७२ पासून रेल्वेने फिरायला लागला, रात्रीत गाव बदललं, घासाघीस करायला वेळ कोणाला. पण सर्कसच्या काही आठवडे आधी गावात त्यांचा माणूस यायचा, पोस्टर चिकटवणारे वेगळे आणि करार करणारा वेगळा. हा करारवाला मैदान ठरवायचा, पाण्याची सोय बघायचा, आणि गवत, ओट, पेंढा याचे भाव ठरवून जायचा. शेतकऱ्याने सर्कसला नेहमी काय विकलं तर हे. आणि म्हातारे घोडे. सिंहवाघांना रोज मांस लागतं, आणि कामातून गेलेला घोडा हे सगळ्यात स्वस्त मांस. म्हणजे तुमचं जनावर सर्कसमध्ये जाण्याची शक्यता होती, फक्त पिंजऱ्याच्या कुठल्या बाजूला ते विचारू नका.

अपवाद आहेत. १८४८ मध्ये बार्नमला सिनसिनाटीत एक घोडा दिसला, इंडियाना राज्यात जन्मलेला, अंगाने लहानखुरा, आयाळ नाही, शेपटीला केस नाहीत आणि सगळ्या अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर. बार्नमने विकत घेतला आणि काही न बोलता घरी नेऊन बांधून ठेवला. बांधून ठेवला म्हणजे योग्य बातमीची वाट बघत. काही महिन्यांनी कर्नल फ्रीमाँट हा मोहिमेवरचा प्रसिद्ध माणूस रॉकी पर्वतात अडकल्याच्या बातम्या आल्या, अख्खा देश काळजीत, आणि तो सुखरूप असल्याचं कळल्याबरोबर बार्नमने पाटी लावली की फ्रीमाँटच्या माणसांनी तीन दिवस पाठलाग करून पकडलेला हा लोकरी घोडा. फ्रीमाँटचे सासरे सिनेटर होते, त्यांनी वॉशिंग्टनला बार्नमच्या माणसावर केस ठोकली. केस टिकली नाही, जाहिरात मात्र झाली. इंडियानातल्या ज्या माणसाच्या घोडीला हे शिंगरू झालं त्याला पुढचा हा तमाशा कळला असेल का, हे मला नेहमी वाटतं.

पैसे किती मिळायचे?

ठरलेला दर नाही. पण काही आकडे पक्के आहेत. अमेरिकेत पहिला हत्ती आला एप्रिल १७९६ मध्ये, सेलमचा कप्तान जेकब क्राउनिनशील्ड याने बंगालमधून नेलेली हत्तीण. घेतली ४५० डॉलरला, न्यूयॉर्कला विकली १०,००० ला. गंमत बघा, ८६ वर्षांनी, १८८२ मध्ये, बार्नमने लंडन झूमधून जम्बो हत्ती घेतला तोही १०,००० डॉलरलाच, म्हणजे २००० पौंड. सगळ्यात मोठा नफा कायम मधल्याचा. बंगालमध्ये ज्याने ती हत्तीण पकडली आणि माणसाळवली त्याच्या हातात त्या ४५० मधले किती पडले असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

भाड्यानेपण द्यायचे. बार्नमची ती कुप्रसिद्ध फिजी जलपरी त्याची नव्हतीच, बोस्टनच्या मोझेस किंबलची होती आणि बार्नम तिचे आठवड्याला साडेबारा डॉलर भाडं द्यायचा.

ती जलपरी खोटी होती ना? खोटं जनावर खपवणाऱ्यांचं काय व्हायचं?

खोटीच. माकडाचं धड आणि माशाची शेपूट, जपानी कारागिरांनी इतकं सफाईने जोडलेलं की शिवण सापडत नाही. पण फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्याची गोष्ट जास्त वाईट आहे. १८२२ मध्ये सॅम्युअल ईड्स नावाच्या अमेरिकन कप्तानाला बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, ही वस्तू दिसली आणि त्याला वाटलं आपलं नशीब उघडलं. त्याने जहाज विकून ६००० डॉलरला ती घेतली. अडचण एवढीच की जहाजात त्याचा वाटा फक्त एक अष्टमांश होता. लंडनला थोडे दिवस गर्दी झाली, मग तज्ज्ञांनी खोटी म्हटल्यावर ओसरली, आणि ईड्स उरलेलं आयुष्य त्या जहाजमालकाचं कर्ज फेडत समुद्रावर राबला. त्याच्या मुलाने १८४२ मध्ये ती किंबलला विकली, किंबलने बार्नमला दाखवली, आणि बार्नमने त्याच वर्षी त्याच वस्तूवर तुफान गल्ला केला. वस्तू तीच, फरक पाटी लिहिणाऱ्यात.

बार्नमलाही फसवायचे बरं का. असं सांगतात की एकाने त्याला लिहिलं माझ्याकडे चेरीच्या रंगाचं मांजर आहे. बार्नमने पैसे पाठवले, मांजर आलं, कुचकुचीत काळं. सोबत चिठ्ठी, आमच्याकडे काळ्या चेरीपण होतात. आपल्याकडे असतं तर जांभळाच्या रंगाचं म्हणून खपवलं असतं.

बाकी खोटं जनावर आणायची गरजही नसायची, नाव बदललं तरी पुरे. आफ्रिकेतल्या नू हरणाला 'शिंगवाला घोडा', आणि पाणघोड्याला 'बायबलमधला, रक्ताचा घाम गाळणारा बेहेमोथ'. पाणघोड्याच्या कातडीतून लालसर चिकट द्रव खरंच येतो, तो उन्हापासून संरक्षण करतो, पण 'कातडीचं मलम' म्हटलं तर तिकीट कोण काढणार.

सगळ्यात भारी जाहिरात कोणत्या जनावराची?

मेलेल्या हत्तीची. वूम्बवेलचा किस्सा आहे. लंडनच्या बार्थोलोम्यू जत्रेला पोचायला त्याने लांबून घाईघाईने गाड्या हाणल्या, त्या दगदगीत पोचल्या पोचल्या हत्ती मेला. शेजारच्या ॲटकिन्सने, म्हणजे त्याच्या स्पर्धक मेनाजरीवाल्याने, लगेच पाटी लावली, जत्रेतला एकमेव जिवंत हत्ती आमच्याकडे. वूम्बवेलने त्याहून मोठी पाटी लावली, जत्रेतला एकमेव मेलेला हत्ती आमच्याकडे. लोक मेलेल्याकडे गेले. जिवंत हत्ती कुठेही बघता येतो, मेलेल्याला हात लावता येतो, बोट खुपसता येतं.

हत्ती शेतीला वापरता येतो असं बार्नमने सिद्ध केलं होतं म्हणे?

नाही, त्याने जाहिरात केली होती. १८५० मध्ये त्याने आणि भागीदारांनी जहाज पाठवून सिलोनहून हत्ती आणवले, त्यातला एक पुढे कनेक्टिकटला ब्रिजपोर्टच्या शेतावर ठेवला. शेत रेल्वेलाइनला लागून. माहुताला परदेशी वेष आणि हातात टाइमटेबल, गाडी यायच्या वेळेला हत्ती नांगराला जुंपून रुळाशेजारून फिरवायचा. तोच पट्टा साठसाठ वेळा नांगरला गेला असेल.

आणि मग सुरू झाली पत्रं. शेतकी मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, लांबलांबचे शेतकरी विचारायला लागले की हत्ती किती खातो, दिवसात किती नांगरतो, किंमत काय, थंडी सोसतो का, परवडतो का. म्हणजे आपण आत्ता करतोय तसलाच प्रश्नोत्तरांचा प्रकार. शेवटी बार्नमने छापील उत्तर तयार केलं, वर 'अगदी खाजगी' असं लिहून, मथितार्थ असा की मला हत्ती परवडतो कारण तो माझ्या म्युझियमची जाहिरात करतो, तुम्हाला परवडणार नाही, हजारो डॉलर घालून जनावर घ्याल, थंडीत ते काम करणार नाही आणि स्वतःच्या खाण्याएवढंपण कमावणार नाही. माझ्या मते बार्नमच्या आयुष्यातलं हे सगळ्यात प्रामाणिक लिखाण.

रत्नागिरीचा काय संबंध?

थीबा राजा! रत्नागिरीला थीबा पॅलेस बघितलाच असेल. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा, १८८५ च्या शेवटी इंग्रजांनी राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१६ मध्ये तिथेच वारला. तर राज्य जायच्या थोडं आधी बार्नमचा एजंट गेलॉर्ड ब्रह्मदेशात पांढऱ्या हत्तीसाठी खटपट करत होता. पांढरा हत्ती तिकडे देवासारखा, राजाच्या पुण्याईची खूण, तो कोणी विकत देत नाही. तरी त्याने मिळवला, थीबाच्याच दरबारातून. नाव तौंग तलाँग. जानेवारी १८८४ मध्ये लंडनला, मार्चअखेर न्यूयॉर्कला.

आणि लोकांची घोर निराशा. कारण पांढरा हत्ती म्हणजे चुन्यासारखा पांढरा नसतोच, अंगावर गुलाबीसर चट्टे, डोळे फिकट, बाकी राखाडीच. बार्नमने या वेळी चक्क खरा माल आणला होता आणि लोक म्हणतात हा खोटा. तेवढ्यात त्याचा स्पर्धक ॲडम फोरपॉ याने फिलाडेल्फियाला 'लाइट ऑफ एशिया' नावाचा हत्ती उभा केला, पांढराशुभ्र, बगळ्यासारखा. रंगवलेला होता. एका रिपोर्टरने ओला स्पंज फिरवून खालचा हत्ती उघडा पाडला, तरी गर्दी तिकडेच. पुढे फोरपॉने जाहीर केलं की पांढरा हत्ती दुर्दैवाने वारला, आणि तोच हत्ती धुऊन पुसून सोंडेला बॉक्सिंगचा ग्लव्हज बांधून दुसऱ्या नावाने उभा केला.

तौंग तलाँगचं पुढे काय झालं? २० नोव्हेंबर १८८७ च्या रात्री ब्रिजपोर्टला सर्कसच्या हिवाळी तळाला आग लागली, त्यात जळून मेला. थीबाला रत्नागिरीत येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

आपल्याकडे सर्कशीला जनावरं कोण द्यायचं?

संस्थानिक. आपली सर्कस सुरू झाली ती सांगलीकडच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांपासून, १८८० च्या सुमाराला. त्याआधी मुंबईला कियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस आली होती, ती बघून हे आपणही करू असं विष्णुपंतांनी घेतलं. पंत मुळात चाबूकस्वार, म्हणजे घोड्यांना शिकवणारे, आणि पाठीशी कुरुंदवाडचे पटवर्धन. (इंग्रजी लेखांत सगळीकडे 'कुर्डुवाडीचा राजा' छापतात. कुर्डुवाडी रेल्वे जंक्शन आहे हो, तिथे कुठला राजा.) आणि छत्र्यांच्या सर्कसमधलं सगळ्यात दुर्मिळ रत्न जनावर नव्हतंच, ते होते ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ. एवढा मोठा गवई हलाखीत भटकत होता, पंत स्वतः हद्दूखाँकडे गाणं शिकलेले, म्हणून गुरुघराण्याचं म्हणून त्याला सांभाळत सर्कसबरोबर घेऊन फिरले. तंबूत एकीकडे घोडे आणि एकीकडे खयाल.

बंगालच्या बोस सर्कसला रीवाच्या महाराजांनी वाघांची जोडी दिली, लक्ष्मी आणि नारायण. म्हणजे तिकडे दलाल आणि इकडे दरबार. कारण उघड आहे, शिकारीचं जंगल, पिंजरे आणि खायला घालायची ऐपत संस्थानिकांकडेच होती, आणि सर्कसवाल्याने गावोगाव जाहीर केलं की अमुक महाराजांकडून भेट, की महाराजांचंही नाव.

एवढ्या लांबून जनावरं नेताना मरायची नाहीत का?

मरायची, खूप. आणि पकडतानाच जास्त. हत्ती, गेंडा, पाणघोडा यांची पिल्लंच हवी असायची, मोठी जनावरं नेता येत नाहीत, आणि पिल्लू हवं तर आधी आई मारायची. हागेनबेकने स्वतःच हे लिहून ठेवलंय. १८७० मध्ये लोरेन्झो कासानोव्हा नावाचा पकडणारा सुदानमधून मोठा तांडा घेऊन सुएझला आला, हत्ती, जिराफ, शहामृग, बरोबर पिल्लांना दूध पाजायला शेळ्यांचा कळप. हागेनबेक माल ताब्यात घ्यायला गेला तर कासानोव्हा मरणाच्या दारात, थोड्या दिवसांत गेलाच.

पण माझ्या डोक्यातून जात नाहीत ते देवमासे. १८६१ मध्ये बार्नमने कॅनडात सेंट लॉरेन्स नदीत दोन पांढरे बेलुगा पकडवले. समुद्री गवत आणि खारं पाणी भरलेल्या पेट्यांतून रेल्वेने न्यूयॉर्कला आणले, वाटेत एक माणूस प्रत्येकाच्या नाकपुडीवर स्पंजाने पाणी लावत बसलेला. म्युझियमच्या तळघरात हौद, हौदात गोडं पाणी. काही दिवसांत मेले. बार्नमची पहिली जाहिरात काय तर लवकर या, जगतील याची खात्री नाही. मग त्याने परत मागवले, या वेळी बंदरातून खाऱ्या पाण्याचा पाइप टाकून. १३ जुलै १८६५ ला म्युझियमच जळालं आणि तेव्हा हौदात असलेले बेलुगाही त्यात गेले. १८७२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी परत आग, त्यात दोन हत्ती आणि एक उंट एवढेच वाचले, आणि बार्नमने लगेच युरोपातल्या एजंटांना तारा केल्या, सगळं परत घ्या.

कायदा नव्हता का काही?

तोकडा होता. इंग्लंडमध्ये गाईघोड्यांसाठी १८२२ पासून कायदा, पण पिंजऱ्यातल्या जंगली जनावरांसाठी १९०० साल उजाडावं लागलं. आपल्याकडे १८७९ च्या कायद्याने परवान्याशिवाय रानहत्ती पकडायला किंवा मारायला बंदी आली, पण त्यामागे दयेपेक्षा हत्ती सरकारच्या कामाचे होते हे जास्त. न्यूयॉर्कला हेन्री बर्ग नावाचे गृहस्थ १८६६ पासून बार्नमच्या मागे लागले, आधी अजगराला जिवंत ससे घालता म्हणून, मग १८८० मध्ये घोड्याला आगीच्या कड्यांतून नेता म्हणून. दुसऱ्या वेळेला बार्नम सत्तरीचा, तो स्वतः त्या कड्यांतून चालून गेला. पुढे दोघांची दोस्ती झाली.

माझ्या गोठ्यात आत्ता पाच पायांचं वासरू झालंय, काय करू?

जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. सर्कस विसरा. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर आपल्याकडे १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये ती कायम केली, आता तंबूत बहुतेक झोके आणि विदूषकच उरलेत.

जम्बोचं शेवटी काय झालं? 'जम्बो भरती', 'जम्बो वडापाव' हे त्याच्यावरूनच ना?

त्याच्यावरूनच, 'मोठा' या अर्थाने तो शब्द जगभर गेला तो या एका हत्तीमुळे. पिल्लू असताना आफ्रिकेतून पॅरिसला आला, तिथून १८६५ मध्ये गेंड्याच्या बदल्यात लंडनला. सोळा वर्षं लंडनच्या पोरांना पाठीवर बसवलं. १८८२ मध्ये विकला तेव्हा पोरांनी राणीला पत्रं लिहिली, कोर्टात दावे झाले, आणि जम्बो स्वतः रस्त्यात फतकल मारून बसला, पेटीत जाईना. एजंटाने घाबरून तार केली, बार्नमचं उत्तर असं की बसू दे आठवडाभर, जाहिरात होतेय. शेवटी त्याचा रखवालदार मॅथ्यू स्कॉट बरोबर निघाला तेव्हाच गेला.

१५ सप्टेंबर १८८५ च्या रात्री कॅनडात सेंट थॉमस गावी खेळ संपवून रुळांवरून परत नेत असताना मालगाडीने उडवला. पण बार्नमने त्याची सुट्टी केली नाही. कातडं वेगळं भरून घेतलं, सांगाडा वेगळा उभा केला, एका हत्तीचे दोन हत्ती करून परत तंबूत. सांगाडा नंतर न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला गेला, तो आजही त्यांच्याकडे आहे. भरलेलं कातडं बोस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजला दिलं, तिथली पोरं परीक्षेच्या आधी नशीब म्हणून सोंडेत नाणी टाकायची, शेपटी ओढायची. ओढून ओढून शेपटी हातात आली, ती कॉलेजच्या संग्रहात ठेवलीय. एप्रिल १९७५ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि कातडं जळालं. दुसऱ्या दिवशी खेळ विभागातल्या एका माणसाने तिथली थोडी राख पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून आणली. ती बरणी अजून तिथल्या क्रीडा संचालकांच्या ऑफिसात असते, आणि मॅचच्या आधी खेळाडू येऊन तिला हात लावून जातात.